वाट बघणाऱ्यांचा सिनेमा

लिफ्ट बंद पडली की माणसं आधी बटणावर राग काढतात, मग घड्याळाकडे बघतात आणि शेवटी एकमेकांशी बोलायला लागतात. वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करता करता मिस्त्रींनी हे पुरतं हेरलं होतं. म्हणून जुना कॅमेरा हाती आला तेव्हा त्यांनी ठरवलं, फक्त वाट बघणारी माणसं टिपायची.

बायको म्हणाली, "अहो, लग्नाचं शूटिंग तरी घ्या. रांगेतली माणसं कोण बघणार?"

"रांगेतलीच बघतील."

सहा वर्षं त्यांच्या सगळ्या सुट्ट्या त्यातच गेल्या. बँक, शाळेचं फाटक, न्हाव्याचं बाकडं. आधी शेजारी बसून विचारायचे. कुणी नको म्हटलं की कॅमेरा पिशवीत.

एकदा ऑपरेशन थिएटरबाहेर एक म्हातारे मास्तर एकटेच बसले होते. आत त्यांची बायको होती. "घ्या की, तेवढीच सोबत," ते म्हणाले. तासाभराने दार उघडलं. डॉक्टरांचा चेहरा दिसताच मिस्त्री काय ते समजले. असं दृश्य पुन्हा मिळणार नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी कॅमेरा बंद केला आणि मास्तरांचा हात धरून बसून राहिले.

सिनेमात त्या जागी त्यांनी दोन मिनिटं नुसता काळा पडदा ठेवला. संगणकावर दृश्यांचं जोडकाम करणारी भाची वैतागली. "मामा, लोकांना वाटेल मशीन बिघडलं!"

"वाटू दे. तेव्हा मलाही काही सुचलं नव्हतं."

वाचनालयाच्या सभागृहात सिनेमा लागला. ना निवेदन, ना संगीत, तरी लोक स्वतःला ओळखून खदखदून हसत होते. पडदा काळा झाला तशी चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी शिट्टी मारली.

तेवढ्यात मास्तर उभे राहिले. "बिघाड नाही. तिथे मी होतो. आणि हे माझ्याजवळ होते."

उरलेला अंधार सगळ्यांनी मिळून बसून काढला.

निघताना मास्तरांनी मिस्त्रींना दारात गाठलं. "तो आधीचा तासभर आहे का हो तुमच्याकडे? तेव्हा ती होती."

पुढच्या सुट्टीला मिस्त्रींनी त्यांना घरी बोलावलं आणि तो तास जसाच्या तसा लावला. बाकडं, बंद दार, ताटकळलेले मास्तर. मिस्त्रींच्या बायकोने शिलाई मशीन थांबवलं, चहा ठेवला आणि तीही शेजारी येऊन बसली.