सुरेखाचे तीन दलाल

सुरेखाला नाही म्हणता यायचं नाही. सिल्लोडच्या शाळेत मैत्रिणीनं खिडकीजवळची जागा मागितली, हिनं दिली. पुण्याच्या कॉलेजात नंबर लागला, वडील म्हणाले, "लई लांब पडंल गं," तर हिनं भरलेली बॅग मुकाट रिकामी केली. लग्न होऊन पडेगावला आली, तंत्रनिकेतनात शिकवू लागली, आणि दर रविवारी सासऱ्यांसोबत पैठणच्या मळ्यात जायचं असं ठरलं. ठरलं म्हणजे तात्यासाहेब बोलले आणि ती "बरं" म्हणाली.

चाळिशी उलटल्यावर तिनं पीएचडीला नाव घातलं. विषय ऐकून नवरा सुदर्शन हसला होता. संगणकातले दलाल! मालकाच्या वतीनं आपसात बोलणी करणारे प्रोग्रॅम. वाळूजच्या एका कारखान्याला सुटे भाग लवकर हवेत, पुरवणाऱ्याला उशिरा द्यायचेत. मधली तारीख दोघांचे दलाल ठरवणार, माणसानं मध्ये पडायचं नाही. यांना बोलणी कशी शिकवावी, कुठली रीत सरस, एवढंच तिला ताडून पाहायचं होतं.

तिनं तीन दलाल घडवले. पहिला हट्टी, मुदत संपत येईस्तोवर जागचा न हलणारा. दुसरा मवाळ, समोरच्यानं डोळे वटारायच्या आत सरकणारा. तिसरा समोरचा सरकेल तेवढंच सरकणारा. महिनोन्‌महिने तिनं त्यांच्या जोड्या लावल्या. दोन हट्टी समोरासमोर आले की बहुतेकदा मुदत निघून जाई आणि सौदा मोडे. हट्ट्यापुढं तिसऱ्याचंही फारसं चालेना, पण सगळ्या जोड्या मिळून पाहिलं तर तोच वर राहिला. मवाळाचा सौदा दर वेळी जुळे आणि त्याच्या हाती सगळ्यांत कमी पडे.

पडद्यावरची मवाळाची ती घसरती रेघ बघून सुरेखाला आधी हसू आलं. मग येईना.

त्या शनिवारी जेवताना ती म्हणाली, "तात्या, शोधनिबंध पाठवायचाय. पुढच्या महिन्यातले चारी रविवार मला पायजेत."

तात्यासाहेबांनी भाकरी मोडली. "मोसंबीला आळी करायचीत. नाय जमायचं."

"बरं" अगदी ओठांवर आलं होतं. तिनं त्यावर पिठल्याचा घास घेतला. सुदर्शन ताटात बघू लागला.

"येक घे," शेवटी तात्यासाहेब म्हणाले.

"मग मी तीन घेते."

"दीड."

"अहो, दीड रविवार कसला असतो?" सासूबाई मनकर्णाबाईंना हसू आवरेना.

"सकाळी मळा, दुपारी तिचा तो संगणक!" तात्यासाहेबांनी फोड करून सांगितली.

"मग अडीच," सुरेखा म्हणाली.

तात्यासाहेबांनी तिच्याकडं नीट पाहिलं, जणू घरात कुणी नवं माणूस आलंय. "दोन. आता पुढं बोलायचं नाय."

"दोन," ती म्हणाली.

पहिल्या रविवारी म्हातारा एकटाच एसटीनं गेला. सुरेखाला दिवसभर चैन पडेना. संध्याकाळी सुदर्शननं सांगितलं, शेजारच्या मळ्यातल्या कडुबाचा फोन आला होता, तात्या बांधावर बसून सगळ्यांना सांगत होते, "सून लई चिवट निघाली. माझ्याकडून दोन रविवार काढून घेतले तिनं, माझ्याकडून!" छाती फुगवून सांगत होते म्हणे.

निबंध वेळेत गेला, पुढं यथावकाश स्वीकारलाही गेला. तिच्या दुसऱ्या मोकळ्या रविवारी दुपारी तंत्रनिकेतनातल्या प्रयोगशाळेचं दार वाजलं. मोसंब्यांची पिशवी घेऊन तात्यासाहेब उभे.

"दाव बरं, कसे भांडत्यात तुझे दलाल."

तिनं दोन हट्टी समोरासमोर सोडले. पडद्यावर आकडे येत राहिले, तेच ते. तात्यासाहेब खुर्ची पुढं ओढून बघत होते. मुदत संपली. सौदा मोडला.

"आरं, येकानं तरी सरकायचं की!" ते पडद्यावर खेकसले.

सुरेखानं तोंडाला पदर लावला. तात्यासाहेबांनी वळून बघितलं, मग तेही हसायला लागले, आणि पिशवीतली मोसंबी काढून तिच्यासाठी सोलू लागले.