वरच्या मजल्यावरचा पिक्चर

मला मारामारीचे पिक्चर कळतात असं म्हटलं की भिशीतल्या बायका अजून हसतात. हसू देत. एका दिग्दर्शकाचे पिक्चर मी पहिल्यापासून ओळीनं पाहिलेत, आणि ते का पाहिले ते सांगते.

तेव्हा आम्ही तेलुगू मुलखातल्या मोठ्या शहरात, अंबरपेठेत राहायचो. खाली आम्ही दोघं, वर भाडेकरू नवरा-बायको. नव्या खासगी कंपन्या उगवायचे ते दिवस. तो तसल्याच एका कंपनीत टाय लावून जायचा. ती नांदेडकडची पोर, नवीनच लग्न झालेली, कधी खाली यायची नाही. त्यांच्या घरात मोठा रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आला, पण कॅसेट एकच असावी. कारण दर दोनचार दिवसांनी संध्याकाळी तोच पिक्चर लागायचा. लाथा, काठ्या, लोखंडी दारं आपटणं, आणि मधूनच एका बाईचं ओरडणं. आमच्या फळीवरचे डबे थरथरायचे. आमचे हे म्हणायचे, पक्का हौला आहे हा पोरगा, डोकं फिरल्यासारखा एकच पिक्चर बघतो.

जिन्यात गाठून मी विचारलंच. पिक्चरचं नाव सांगून म्हणाला, काकू, फार मोठा दिग्दर्शक आहे, असा पुन्हा होणार नाही.

मग मलाही वाटलं, बघू तरी. शहरातच हिमायतनगरला एक व्हिडिओ लायब्ररी होती. केबल आल्यापासून तिचा मालक माशा मारत बसलेला असायचा. त्या पिक्चरचं नाव घेतलं तर त्यानं कॅसेट दिलीच नाही. "शुरू से देखो अम्मा," म्हणाला. "बीच में से देखे तो आदमी समझ में नै आता."

बहिणीच्या घरातून जुना व्हीसीआर उचलून आणला आणि बसले.

पहिला पिक्चर खाणीतल्या मजुरांचा, काळापांढरा. दिग्दर्शकाजवळ तेव्हा पैसा नसणार. मुकादम एका मजुराला कोंडून मारतो, पण मार दिसतच नाही. दिसते शेजारची खोली. तिथं एक बाई तांदूळ निवडत बसलीये. भिंतीपलीकडे फटका बसला की तिचा हात थांबतो, आणि परत खडे वेचायला लागतो. बस, एवढंच. मला दोन दिवस तांदूळ हातात घ्यावेसे वाटेनात.

पुढच्या पिक्चरात रक्त आलं, शाईसारखं काळं. मग रंग आले. डोकी भिंतीवर फुटायला लागली, दात फरशीवर सांडायला लागले. एकात तर माणसाला उकळत्या डांबरात ढकलतात. हे पानाचा डबा उचलून अंगणात जायचे, म्हणायचे, या वयात हे बघतेस आणि वर जेवतेस कशी. मी जेवायचे. गरिबीत हा माणूस जे भिंतीआड ठेवायचा ते पैसा आल्यावर पुढ्यात आणून ओततोय, हे मला दिसायला लागलं होतं, आणि भिंतीआडचंच जास्त लागायचं.

असं करत वरच्या मजल्यावरच्या पिक्चरपर्यंत पोचले. तुरुंगातली गोष्ट. कैद्यांना गुरासारखं झोडपतात. सगळे आवाज ओळखीचे, कुठे दार आपटणार तेही मला पाठ. मी आपली त्या ओरडणाऱ्या बाईची वाट बघत होते. पार शेवटची नावं वर सरकून गेली. बाई आलीच नाही. मागं नेऊन परत पाहिला. सगळे पुरुष. अख्ख्या पिक्चरात बाई नाही.

टीव्ही बंद करून मी वर छताकडं बघितलं.

दुसऱ्याच दिवशी दिवेलागणीला वर तो पिक्चर लागला. आवाज वाढला. माझ्या पुढ्यात तांदळाचं ताट होतं. ते तसंच टाकून मी जिना चढले आणि दार बडवलं. त्यानं बोटभर फट उघडली. शर्टाच्या बाह्या वर, हातात कमरेचा पट्टा.

"पिक्चर चालू आहे, काकू."

"पाहिलाय मी. त्यात बाई नाही."

त्यानं दार लोटलं. माझा हात चौकटीत होता. बोटाचं हाड मोडलेलं मला ऐकू आलं. पण दार मिटलं नाही, आणि आतून ते हिसकून ती पोर मला घासून बाहेर पडली. ओठ फाटलेला, एक डोळा मिटलेला, पाठीवर वळच वळ. तिला पुढं घालून मी जिना उतरले.

तो मागोमाग आला. आमच्या दारावर लाथा घातल्या, खिडकीची काच फोडली, घरगुती मामला आहे, मध्ये पडाल तर म्हातारा-म्हातारीला बघून घेईन म्हणाला. समोरच्या गॅलऱ्यांत सगळी गल्ली उभी. मी खिडकीत गेले.

"रोज ऐकता ना सगळे? मग आज खाली या."

आधी कोपऱ्यावरच्या तेलुगू मास्तरीणबाई उतरल्या. त्यांच्यामागे त्यांचा नवरा, मग बाकीचे. कुणी हात लावला नाही त्याला, नुसते भोवती उभे राहिले. पट्टा हातात गुंडाळून तो वर गेला.

ह्यांनी एसटीडी बूथवर जाऊन तिच्या वडिलांना फोन लावला. ते पहिल्या गाडीनं निघतो म्हणाले. मी एका हातानं तिच्या पाठीला खोबरेल लावत होते, दुसऱ्या हाताला ह्यांनी फडकं बांधलेलं. पालथं पडूनच तिनं विचारलं.

"काकू, त्या पिक्चरच्या शेवटी काय होतं?"

इतक्यांदा तिच्या खोलीत लागला, तिनं कधी पाहिलाच नव्हता.

"कैदी दार फोडतात," म्हटलं.

"मग कुठं जातात?"

"ते नाही दाखवलं त्यानं. तू मात्र सकाळी नांदेडला जाशील."

गेली. पुन्हा तो जिना चढली नाही.