वरवट बकालचं तळं आणि चौकडीचा दुपट्टा

मलकापूर स्टेशनवर उतरल्यावर कळलं, की माझ्या बॅगेत चार्जर दोन आहेत आणि टॉवेल एकही नाही. या घोर अन्यायाची न्यायालयीन चौकशी व्हायला हवी. पण निघताना "सगळं घेतलंत ना?" असं विचारणाऱ्या बायकोला मीच तोऱ्यात उत्तर दिलं होतं, म्हणून प्रकरण जागीच दाबलं.

नांदुरा, जळगाव जामोद करत एसटीनं वरवट बकाल गाठता येतं. तिकीट परवडतं, कंबर परवडत नाही. वाटेत खाऊ नका. मावसभाऊ गजाननच्या घरी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत वाट बघत असतं, असं भाग्य प्रत्येकाला नाही, हे मान्य. अंघोळीला गजाननच्या वडिलांनी, आबाजींनी, आपला हिरव्या चौकडीचा दुपट्टा दिला. एका टोकाला बराच फाटलेला होता. मी तो पुढे खांद्यावरच मिरवला.

दुसऱ्या दिवशी सातपुड्याच्या पायथ्याशी शेतावर गेलो. संत्र्याची बाग, मधे शेततळं, त्यात गजाननच्या बायकोचे, सुनंदावहिनींचे, रोहू आणि कटला मासे. आबाजी माळकरी, मासे ताटाजवळही येऊ देत नाहीत. पण रोज सकाळी काठावर जाऊन त्यांची विचारपूस करतात. दोन दिवसांनी मलकापूरचा व्यापारी मासे न्यायला यायचा होता. मासे मात्र वर येऊन तोंड उघडत होते, खाद्य तसंच तरंगत होतं आणि कडेला काही उलटे झाले होते.

वहिनींचा संशय शेजाऱ्यावर. त्यानंच फवारणीचा पंप इथे धुतला असणार. त्या भांडायला निघाल्याच होत्या. तेवढ्यात मला तळ्याच्या कोपऱ्यात एक दोरी दिसली. रिकामटेकड्या पाहुण्यानं दोरी ओढायचीच असते. वर निळीशार पुरचुंडी आली. चौकडी मात्र हिरवी.

वहिनींनी पुरचुंडीकडे पाहिलं, मग माझ्या खांद्याकडे.

आबाजी झाडाखालून उठून आले. "शेवाळ लय झालं होतं," ते म्हणाले. "इहिरीत मोरचूद सोडतच होतो आपन. तळं मोठं, म्हून चारी कोपऱ्याले एक-एक सोडली. मले वाटलं, त्याहिले साफ पानी भेटंन."

संत्र्याच्या खोडांना लावायला मोरचूद घरात असतोच. वहिनींनी मत्स्यविभागातल्या ओळखीच्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, मोरचूद म्हणजे तांबं. अशा गोड्या पाण्यात ते माशांच्या कल्ल्यांना लवकर बाधतं, मग त्यांना श्वास घेता येत नाही. पुरचुंड्या काढा, निम्मं पाणी बदला आणि तपासणी होईपर्यंत मासे कुणाला देऊ नका.

गजानन हळूच म्हणाला, आजच व्यापाऱ्याला बोलावलं तर? जिवंत आहेत तोवर जातील. वर्षभराची मेहनत होती, मलाही क्षणभर पटलं.

"अन् लोकाइच्या लेकराइले हे खाऊ घालू?" वहिनींनी विचारलं आणि व्यापाऱ्याला येऊ नका म्हणून कळवून टाकलं.

आबाजी काठावर खाली बसले होते. दोन्ही हात निळे. "म्या मारले," म्हणाले.

वहिनी बोअरकडे गेल्या. पाइप ओढत आणून त्याचं तोंड आबाजींच्या हातात दिलं. "आबाजी, पानी तुमीच सोडा. तुमची चाहूल ओळखतेत ते. मी सोडलं तं भेतीन."

हे धडधडीत खोटं होतं. मी उभ्या जन्मात ऐकलेल्या खोट्यांपैकी सर्वात चांगलं. म्हातारा संध्याकाळपर्यंत पाइप धरून बसला.

तिकडे जाणार असाल तर हिवाळ्यात जा, डोंगर सुंदर दिसतो. मला मात्र डोंगर फारसा आठवत नाही.

घरी बॅग उपसली, तर तळाशी दुपट्टा. बायकोनं विचारलं, हा फाटका कुणाचा? सांगितलं. त्याच आठवड्यात वहिनींचा फोन आला. बरेच मासे गेले, उरलेले खाद्याला येऊ लागलेत. विकायचं तपासणीनंतर बघू. आबाजी अजून काठावरच बसतात.

बाजारात अगदी तसाच दुपट्टा मिळत होता, हिरव्या चौकडीचा. मी लाल घेतला आणि आबाजींच्या नावानं पार्सल करून टाकला.