एकच पाना

आमच्या घरात महिन्याच्या पहिल्या रविवारी वीज जायची. जायची म्हणजे माझे सासरे ती घालवायचे. सगळे नाश्त्याला बसले की ते गुपचूप उठायचे, मेन स्विच खाली ओढायचे आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत ओरडायचे, "चला, सुरू!"

की मी ताट टाकून सासूबाईंच्या खोलीत पळायचं. तिथलं ऑक्सिजनचं यंत्र बंद पडून कर्कश पिपाणी वाजवत असायचं. मी यंत्राची नळी काढून पलंगाशेजारच्या उंच टाकीला लावायची, सासरे पान्याने टाकी उघडायचे, मी तबकडीचा काटा दोनवर आणायचा. नवऱ्याने तोवर दारामागची पिशवी खाली घ्यायची. त्या पिशवीत आठ दिवसांची औषधं, डॉक्टरांचे कागद, बॅटरी, जास्तीची नळी आणि फोन नंबरांचा एक कागद होता. नंबर एवढे मोठे लिहिलेले, की समोरच्या इमारतीतूनही वाचता आले असते.

"एक मिनिट वीस," सासरे म्हणायचे. "मागच्या वेळेला एक दहा होतं. कुठे रेंगाळलीस?"

"बाबा, तोंडात घास होता."

"वीज काय तुझा घास संपायची वाट बघणार आहे?"

मग ते वही काढून वेळ लिहायचे. इमारतीत त्यांना सगळे तालीममास्तर म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर ते नाव मीच पाडलं होतं. माझ्या डोक्यात जायची ती तालीम. पलंगावरून सासूबाई मात्र हसायच्या. हसल्या की खोकला यायचा, खोकला आला की सासरे घाबरायचे आणि आम्हाला ओरडायचे. असा आमचा रविवार.

सासूबाईंची फुप्फुसं आतून घट्ट होत चालली होती. बरं होणारं दुखणं नाही, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. यंत्र बंद पडलं तर पाच मिनिटं निभेल, त्यापुढचं मी काही लिहून देत नाही, असंही ते म्हणाले. ते पाच मिनिटांचं वाक्य सासऱ्यांनी असं धरून ठेवलं की बाकी आयुष्य त्याच्याभोवतीच फिरायला लागलं. वीज कंपनीच्या कचेरीत चार हेलपाटे घालून त्यांनी 'आजारी माणसाचं घर' अशी नोंद करून घेतली. वीज बंद ठेवायची असेल तर आदल्या दिवशी फोन यायचा. इन्व्हर्टरवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "बॅटरी रोज ठणठणीत दिसते आणि नेमकी वेळेला माती खाते," म्हणायचे. टाकी बरी. तिला फक्त उघडायला माणूस लागतो.

आणि पाना लागतो. तो एकच होता, आणि तो सासऱ्यांच्या पट्ट्याला जाड सुतळीने बांधलेला असायचा. झोपतानाही ते तो उशाशी घ्यायचे.

यावरून घरात एकदाच वाजलं. नवरा म्हणाला, "बाबा, दुसरा पाना करून आणतो. हिच्याकडे राहू दे."

"नाही."

"अहो, पण तुम्ही बाहेर असलात तर?"

"मी बाहेर नसतो."

"तरी पण..."

"एकदा नाही म्हटलं ना!" त्यांनी ताटावर हात आपटला. आतून सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "माझा जीव आणि चावी यांच्या कमरेला. लग्नातच लिहून दिलंय बहुतेक." आम्ही हसलो. त्या मला नंतर म्हणाल्या, "त्यांना दुसऱ्या चावीचं बोलू नका गं."

सासरे चौतीस वर्षं लिफ्टचे मेकॅनिक होते. त्यांच्या कामात एक नियम असतो. माणूस लिफ्टच्या भुयारात उतरण्याआधी मेन स्विच बंद करतो, त्याला कुलूप घालतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवून आत जातो. ज्याचा जीव आत, किल्ली त्याच्या खिशात. त्यांच्या जोडीदारानेही तसंच केलं होतं. पण त्या इमारतीच्या व्यवस्थापकाकडे त्याच कुलपाची दुसरी किल्ली होती. लोक लिफ्टसाठी खोळंबले, त्याने कुलूप काढलं आणि स्विच वर ढकलला. सासरे त्या वेळी वरच्या मजल्यावर तेलाचा डबा आणायला गेले होते. खाली आले तेव्हा जोडीदाराची किल्ली जोडीदाराच्या खिशातच होती.

हे कळल्यावर माझंही तोंड बंद झालं. ते बंद व्हायला नको होतं. या नियमात नेमकं काय चुकतंय ते मला तेव्हाही जाणवत होतं, पण कोण बोलणार तालीममास्तरांपुढे?

ती दुपार मंगळवारची. नवरा कामावर होता. मी पुढच्या खोलीत शिलाईयंत्रावर एका पडद्याला काठ लावत होते. सासऱ्यांनी सकाळीच पिशवी तपासली होती आणि तिच्यातल्या दोन गोळ्यांची मुदत त्या महिन्यात संपत होती. आता ते काय स्वस्थ बसतात! "कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जातो आणि दहा मिनिटांत येतो," म्हणाले. वीज कंपनीचा फोन आलेला नाही ना, हेही मला दोनदा विचारून घेतलं. फोन आला नव्हता.

जन्मभर लिफ्ट दुरुस्त करून ते स्वतः मात्र जिनाच चढायचे. पण त्या महिन्यात गुडघे सुजले होते. येताना ते लिफ्टमध्ये शिरले.

शिलाईयंत्राची सुई कापडात अडकून थांबली. पंखा हळू झाला. आतून पिपाणी सुरू झाली. मी धावले, नळी काढली, टाकीला लावली. अठरा सेकंद लागले असतील, माझी आजवरची सगळ्यात चांगली वेळ. आणि मग पान्यासाठी मी सवयीने हात मागे केला.

मागे कोणी नव्हतं.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी पकडीने टाकीची चौकोनी खुंटी फिरवायला गेले. पकड घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. सासऱ्यांनी आपल्या मेकॅनिकी हाताने ती अशी आवळून ठेवली होती की माझ्या बोटांची सालं निघाली. तेवढ्यात जिन्याकडून आवाज आला. भुयारातून घुमत येणारा, ओळखू न येणारा आवाज.

"पाना माझ्याकडे आहे! सूनबाई! पाना!"

"आई, आलेच," मी म्हणाले आणि जिन्याने खाली पळाले. आमचा मजला चौथा. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये अडकली होती. जाळीतून मला त्यांचं फक्त डोकं आणि वर केलेले हात दिसत होते. मी तिसऱ्याच्या फरशीवर पालथी पडले. मजल्याची कड आणि लिफ्ट यांच्यामध्ये चार बोटांची फट होती, आणि खाली काळाकुट्ट अंधार.

ते सुतळीची गाठ सोडत होते. स्वतःच मारलेली दुहेरी गाठ. ती सुटेना.

"बाबा, पट्टाच काढा! पट्टा द्या!"

त्यांनी पट्टा ओढून काढला, पाना त्यालाच लोंबकळत होता. पट्टा जाळीतून वर आला, पाना एका चौकोनात आडवा अडकला. "ओढू नकोस! निसटेल, खाली जाईल!" ते ओरडले. मग एकदम रडवेल्या आवाजात म्हणाले, "हळू गं, बाळा." त्यांनी मला बाळा कधी म्हटलं नव्हतं. मी दोन बोटं आत घालून पाना उभा केला. आला.

जिना कसा चढले ते आठवत नाही. सासूबाईंचे ओठ जांभळे झाले होते आणि डोळे उघडे होते, पण ते कुठेच बघत नव्हते. मी पाना लावला, अंगाचा सगळा भार टाकला. टाकी फुसफुसली. काटा दोनवर, मग चारवर. बराच वेळ काही झालं नाही. मग छाती वर आली.

वीज आल्यावर सासरे दारात उभे राहिले. एका हाताने पँट धरलेली, दुसऱ्या हातात दोन गोळ्यांचं पाकीट. आधी त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"किती?"

भिंतीवरचं घड्याळ मी पाहिलं होतं. अकरा मिनिटं.

"चार," मी म्हणाले.

त्यांनी वहीत चार लिहिलं. पेन खाली ठेवलं. ते लिफ्टमध्ये मनगटावर घड्याळ घालून उभे होते, हे माझ्या रात्री ध्यानात आलं.

हॉस्पिटलमधून सासूबाई आठव्या दिवशी घरी आल्या. चालतं-बोलतं सगळं होतं, पण आठवणीतले मधले मधले दुवे निखळले होते. नवऱ्याने तीन पाने करून आणले. एक माझ्या गळ्यात असतो, एक टाकीला साखळीने, एक दारामागच्या पिशवीत. जुना पाना सासऱ्यांनी पट्ट्यावरून सोडवला आणि सुतळीसकट सासूबाईंच्या गळ्यात घातला. "हा आधीपासून तुझ्याकडेच पाहिजे होता," एवढंच म्हणाले.

तालीम बंद झाली. यंत्र घरघरतं, वीज असते, आणि मला रोज वाटतं, आज जाईल.

रोज सकाळी सासूबाई सुतळीला हात लावून विचारतात, "अहो, हे काय अडकवलंय माझ्या गळ्यात?"

सासरे खुर्ची ओढून समोर बसतात. "पाना आहे. ही टाकी दिसते ना, तिचा. वीज गेली की याने उघडायची."

"मला कुठे येतंय ते?"

"सूनबाई उघडेल."

त्या जरा विचार करतात. मग रोज तेच विचारतात, "आणि तुम्ही कुठे असाल?"

त्या मंगळवारनंतर त्यांनी घराचा उंबरा ओलांडलेला नाही.

"इथेच," ते म्हणतात.