शिमोनला दिलेले उत्तर

हे मी आजवर कोणापाशी बोललेलो नाही. पत्नीला अर्धे ठाऊक होते, ती गेली. पाळकांना काहीच ठाऊक नव्हते. मग तुम्हांला का सांगतो आहे?

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत मी नेवासे तालुक्यातील एका खेड्यात मिशनच्या शाळेवर मास्तर होतो. मंडळीचा, म्हणजे गावातल्या ख्रिस्ती समाजाचा, चिटणीसही मीच. गुरुवारी संध्याकाळी प्रौढांचा वर्ग घेत असे. तेथे एक गोष्ट मी ठामपणे शिकवी — ज्याचे तारण झाले, ज्याला ख्रिस्ताने पापातून सोडवले, त्याचे ते जात नाही. माणूस पडतो, पण देव हात सोडत नाही. शिमोन पुढे बसे. घायपाताचे दोर वळणारा, अक्षरओळख नसलेला माणूस. ऐकलेले सगळे पाठ करी. मित्र म्हणावा असा मला तोच एक होता.

पटकी आली. त्याचा मुलगा आणि माझी मुलगी एकाच दिवशी अंथरुणाला खिळली. मिशनचे औषध संपले होते. प्रार्थना — तीही करून संपली, असे तेव्हा वाटले. पहाटे शिमोन दारात उभा राहिला. गावाबाहेर मरीआईपुढे नारळ ठेवायला तो निघाला होता. मी त्याला अडवायला हवे होते. मी काय केले? आत गेलो, आमच्या घरातला नारळ आणला आणि माझ्या मुलीसाठी म्हणून त्याच्या हातात दिला. माझे नाव कोठे घेऊ नकोस, एवढे बजावले. पत्नी चुलीपाशी होती. तिने पाहिले.

त्याचा मुलगा दुसऱ्या दिवशी गेला. माझी मुलगी वाचली.

शिमोनला कोणीतरी पाहिले होते. मंडळीच्या पंचांपुढे चौकशी झाली. पाळकांनी विचारले, "नारळ दोन होते म्हणतात. दोन कशाला?"

मी मंडळीतल्या नावांची वही उघडून बसलो होतो. शिमोनने माझ्याकडे पाहिले नाही.

"दोनी माज्याच पोराचं, सायेब. लई आजारी हुतं. एकात भागंल असं वाटंना."

"आन् दोनात तरी कुटं भागलं रं?" एक पंच म्हणाला. दोघेतिघे हसले.

सहा महिने त्याला प्रभुभोजनाची भाकर द्यायची नाही, एवढ्यावर मिटवावे असे पाळकांच्या मनात होते. तेव्हा मी उठलो. मला कोणी विचारले नव्हते — तरी उठलो. शिमोनने ख्रिस्ताचा विश्वासघात केला आहे, त्याला मंडळीत ठेवता येणार नाही, असे बोललो. विश्वासघात हा शब्द माझाच. पाळकांनी तो वापरला नव्हता. शिमोन दर रविवारी समोर बसेल आणि एखाद्या दिवशी बोलेल, मग माझी नोकरी जाईल, ही भीती होती. त्याचे नाव वहीतून माझ्याच हाताने खोडले.

पुढचे याहून वाईट आहे. येथेच थांबावे, असे आताही वाटते.

नाव गेले तरी तो दर रविवारी उपासनेला येई. आत नाही — बाहेर पायरीवर बसे आणि आतल्या गीतांत सूर मिसळी. महिन्याभराने मी त्याच्या अंगणावरून चाललो होतो. तो दोर वळत होता. म्हणाला, "मास्तर, वहीतनं नाव गेलं ते बराबरच झालं. पर तारन? ते बी गेलं का? तुमी तर जात न्हाई म्हनला हुता."

मी काय मानत होतो? जे त्याने केले तेच मी केले होते. आणि माझे तारण गेले, असे मला एक क्षणही वाटले नव्हते. त्याच भरवशावर मी जेवत होतो, झोपत होतो. पण तो पायरीवर नको होता.

मी म्हणालो, "गेलं."

त्याने मान हलवली. "बरं झालं ईचारलं. उगाच आस लागून ऱ्हायली हुती."

त्यानंतर तो आला नाही. घरीही त्याने प्रार्थना सोडली, असे त्याच्या बायकोने माझ्या पत्नीला सांगितले.

स्वराज्य आल्यानंतरच्या उन्हाळ्यात तो शेवटच्या आजाराने पडला. बायकोने मला प्रार्थनेसाठी बोलावले. त्याने हातानेच नको म्हटले.

"ऱ्हाऊ द्या, मास्तर. जे गेलं ते गेलं. पोर कशी हाय तुमची?"

"बरी आहे."

"मंग झालं."

बायको पाणी आणायला गेली. आम्ही दोघेच उरलो. पाळक नव्हते, पंच नव्हते. एक वाक्य पुरे होते — मी खोटे बोललो, तुझे काही गेलेले नाही. तेवढे म्हणायला किती वेळ लागतो? मी उठलो, उंबऱ्याबाहेर पायताण घातले आणि घरी आलो.

तो दोन दिवसांनी गेला. मंडळीच्या कबरस्तानात त्याला जागा मिळाली नाही, कुंपणाबाहेर पुरला. त्या गुरुवारी मी वर्ग घेतला. ज्याचे तारण झाले त्याचे ते जात नाही, असे शिकवले. पुढेही पुष्कळ वर्षे शिकवले, आणि माझा त्यावर विश्वास होता. शिमोनला मात्र मी ते सांगितले नाही.