वंदनाताईंची कालची तारीख

"भाऊ, प्रणालीचा रिपोर्ट निघतोय का? नाहीतर तिला नागपूरला पाठवावं लागेल," डॉक्टर मॅडम दारातूनच म्हणाल्या.

नाचणगावची प्रणाली बाहेरच्या बाकावर आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. सिकलसेल या रक्ताच्या आजाराची पेशंट. रक्त चढवायचं होतं. पण वारंवार रक्त घेतलेल्यांच्या शरीरात कधीकधी ठरावीक रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होतात. प्रणालीला कोणतं रक्त चालत नाही, याची तपासणी झालेली होती. घरचा कागद हरवला होता. दुसरी नोंद फक्त आमच्या डेटाबेसमध्ये होती, आणि डेटाबेस उघडत नव्हता.

सिंदी मेघेतल्या या आरोग्य केंद्राचा नोंदणीचा प्रोग्राम मी लिहिलेला. त्यामुळे त्या बाकाकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती. आदल्या दिवशी लाइट गेली आणि डेटाबेस सॉफ्टवेअरच्या काही फाइली खराब झाल्या. डेटा शाबूत होता. बॅकअपही होता, पण प्रणालीच्या तपासणीच्या आधीचा. रोज आपोआप बॅकअप घेण्याची सोय मी पुढच्या खेपेला करणार होतो.

केंद्राचा डेस्कटॉप जुना, त्यावरचं लिनक्सही जुनं. डेटा ज्या व्हर्जनने लिहिलाय तो त्याच व्हर्जनने, त्याच जातीच्या मशीनवर वाचावा लागतो. माझ्या नव्या लॅपटॉपचा उपयोग नव्हता. त्या व्हर्जनचं तयार पॅकेज आता मिळत नाही. पण सॉफ्टवेअर ओपन-सोर्स, म्हणजे त्याचा सोर्स, प्रोग्रामरांनी लिहिलेला मूळ मजकूर, सगळ्यांना खुला. तो उतरवायचा आणि त्या मशीनला चालेल अशा रूपात बदलायचा. यालाच कंपाइल करणं म्हणतात.

डेटाची प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि कामाला लागलो. आधी 'कॉन्फिगर' चालवलं. हे मशीनवर काय आहे, काय नाही ते तपासतं. एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, नाही म्हणून ते अडलं. ती आम्हाला लागणार नव्हती, तसं सांगून पुढे गेलो. मग 'मेक'. ही कमांड प्रत्यक्ष बांधकाम करते. जुनं मशीन घरघरत राहिलं. अखेर सर्व्हर, म्हणजे डेटा वाचून देणारा प्रोग्राम, तयार झाला. सुरू केला, तर एक निरोप देऊन बंद पडला.

निरोप असा: डेटात तारीख-वेळ एका पद्धतीने साठवली आहे, मी दुसऱ्या पद्धतीने बांधलेला आहे, एकतर पुन्हा कंपाइल कर, नाहीतर नव्याने रिकामा डेटाबेस मांड. जुना सर्व्हर कुणीतरी वेगळं सेटिंग देऊन बांधला होता. रिकामा डेटाबेस घेऊन मी काय करणार? मशीन कामात होतं तोवर वंदनाताई त्यांच्या नोंदींसाठी थांबल्या होत्या. आता त्यांना म्हणालो, "ताई, जरा तुमचं उरका," आणि पाणी प्यायला उठलो. वंदनाताई रिसेप्शन सांभाळतात, नोंदीही त्याच करतात.

परत आलो, सेटिंग बदललं, पुन्हा मेक. या वेळी काम फारच लवकर संपलं. सर्व्हर सुरू केला. तोच निरोप. सेटिंग तपासलं, बरोबर होतं. पुन्हा मेक. तोच निरोप.

"काऊन जी भाऊ, अजून हेच सुरू हाये काय?" प्रणालीची आई आत डोकावली. "गाडी करू का मंग नागपूरची?"

"थोडं थांबा, ताई." माझ्या आवाजावर माझाच विश्वास नव्हता.

मग स्क्रीन वर सरकवून मेकचं सगळं बोलणं वाचलं. मध्येच इशारा होता: घड्याळात गडबड आहे, बांधकाम अपुरं राहू शकतं. मेक फाइलींच्या वेळा बघतं. आधीच्या बांधकामापेक्षा जी फाइल नवी, तेवढीच पुन्हा बांधतं. मी कोपऱ्यातली तारीख पाहिली. ती कालची होती. माझं नवं सेटिंग त्या मशीनच्या हिशेबी जुन्या बांधकामाच्याही आधीचं होतं, म्हणून मेकने ते विचारातच घेतलं नाही.

"वंदनाताई, तारीख कोणी बदलली?"

"मीच बदलली. कालच्या चिठ्ठ्या राह्यल्या होत्या, तुमचा प्रोग्राम बंद हाये म्हून शीटमंदी टाकून राह्यली होती, तिच्यातबी तारीख घड्याळातूनच येते. आम्ही नेहमी असंच करतो. काल आलेल्या पेशंटले आजची तारीख कशी टाकू?"

"मला विचारायचं ना!"

"विचारलं होतं. तारखेचा रकाना द्या म्हटलं, तं तुम्ही म्हणे, लोक मागच्या तारखा टाकून घोळ करतीन. मंग आम्ही घड्याळच मांगं घेतो."

मॅडम हसल्या. मी नाही हसलो. शिस्त म्हणून मी एक रकाना नाकारला होता आणि त्यांनी अख्खा संगणक मागे नेला होता.

तारीख आजची केली. जुनं बांधकाम पुसलं. कॉन्फिगर, मेक, सगळं पहिल्यापासून. सर्व्हर सुरू केला. या वेळी तो म्हणाला, तयार आहे.

प्रणालीचं नाव टाकलं. रिपोर्ट समोर आला. मॅडमनी तो वाचत उभ्या उभ्याच रक्तपेढीला फोन लावला. तसं रक्त वर्ध्यातच होतं. प्रणालीची आई म्हणाली, "सापडलं? मंग नागपूर नाई ना?" "नाही लागणार," मी म्हणालो आणि पहिल्यांदा बाकाकडे नीट पाहिलं. वंदनाताई मात्र जोरात म्हणाल्या, "चालू झालं रे बाप्पा!" आणि अख्ख्या केंद्राला कळलं.

रोजचा बॅकअप मी उठण्याआधी लावला. फॉर्मवर 'पेशंट कधी आला' हा रकानाही टाकला. वंदनाताईंनी लगेच कालची चिठ्ठी भरून बघितली. "एवढंसंच काम होतं," त्या म्हणाल्या, "आन् आम्ही इतके दिवस घड्याळ फिरवून राह्यलो."

आता कुठेही कंपाइल करायला बसलो की आधी मशीनची तारीख बघतो. ती मागे असली, तर दुरुस्त करण्याआधी तिथे काम करणाऱ्यांना विचारतो, की माझा कुठला रकाना राहिलाय.