फिरकीचा तांब्या

काल माळा आवरताना फिरकीचा तांब्या हाती लागला. झाकण फिरवलं तशी पितळेचा कोंदट वास आला आणि तीस वर्षांपूर्वीचा राग जसाच्या तसा उसळला.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. नगरला आमच्या आळीतली मंडळी दर रविवारी पायी फिरायला जात. मी नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते, तेव्हा मलाही बोलावलं. पाण्याचा तांब्या नव्या माणसानं घ्यायचा, अशी रीत होती. मी हौसेनं घेतला. माझ्यानंतर दोघे नवे पुरुष आले, तरी तांब्या माझ्याकडेच राहिला.

एका रविवारी चांदबिबीच्या महालाचा चढ निम्मा झाल्यावर आमचे पुढारी मास्तर म्हणाले, "बाई, तुम्ही या लिंबाखाली बसा. आम्ही वर जाऊन येतो."

"मलाही महाल बघायचाय."

"मग तांब्याला सोबत कोण?"

सगळे हसले.

ते वळणाआड गेल्यावर मी सगळं पाणी लिंबाच्या बुंध्याशी ओतलं आणि वर गेले. भन्नाट वारा होता, खाली अख्खं नगर दिसत होतं.

"अहो, पाणी कुठाय?" मास्तर ओरडले.

"सांडलं. चुकलं माझं."

पाणी ओतल्याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. पण 'चुकलं' का म्हणाले, म्हणून आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.